सभेत कोण काय बोलले: सारनोंदीच्या विद्येची कथा



तुमच्या गावातल्या मराठी मंडळाची किंवा ग्रंथालयाची जुनी इतिवृत्ताची वही कधी तुमच्या हातात आली आहे का? कापडी पाठीची, कडा पिवळ्या पडलेली, पानापानावर चिटणिसांची वळणदार सही असलेली. ती उघडली की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ साधक काय होते आणि बाधक काय होते, हे मात्र वहीत नसते. मराठी वर्ग बंद करायचे ठरले त्या दिवशी कोण उठून नको म्हणाले, त्यांना काय उत्तर मिळाले, कोण गप्प बसले, यांपैकी काहीच उरत नाही. निर्णय उरतो आणि त्यामागची कारणे माणसांबरोबर जातात.

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही उणीव जास्त बोचते. आपला इतिहास सरकारी दप्तरात थोडा आणि अशा वह्यांत पुष्कळ आहे. म्हणून या व्याख्यानासाठी मी एक विषय निवडला आहे, जो वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा वाटेल. आंतरराष्ट्रीय सभांची सारनोंद कशी लिहितात, ही विद्या जगाने कशी शिकून घेतली आणि तिच्यामुळे काय वाचले, हे मला तुम्हांला सांगायचे आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. सभेत उच्चारलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवला, तर तो शब्दशः वृत्तान्त. जे बोलले गेले त्याचा आशय, बोलणाऱ्याच्या नावासह, क्रमाने आणि थोडक्यात लिहिला, तर ती सारनोंद. केवळ निर्णय लिहिला, तर तो ठराव. आपल्या वह्यांत बहुधा तिसराच प्रकार असतो आणि त्यालाच आपण इतिवृत्त म्हणतो.

आपल्या पूर्वजांना मात्र दुसरा प्रकार चांगला ठाऊक होता. मराठेशाहीतली निवाडपत्रे पाहा. वतनाचा किंवा वडिलकीचा तंटा गोतसभेपुढे आला की आधी हाजिर मजलशीची, म्हणजे उपस्थितांची, नावे लिहिली जात. मग वादीची तकरीर, प्रतिवादीची तकरीर, साक्षी-पुरावे, सगळ्याचा सारांश आणि शेवटी निवाडा. हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. निवाडपत्र वाचणाऱ्याला कोण जिंकले हे कळेच, पण हरलेल्याचे म्हणणे काय होते हेही कळे. आज आपण त्या काळच्या गावगाड्याचा इतिहास लिहू शकतो, तो मुख्यतः हरलेल्यांच्या त्या तकरिरी टिकल्या म्हणून.

दरबारी व्यवहारातही हेच. दिल्लीतून हिंगणे आणि हैदराबादेतून गोविंदराव काळे पुण्याला जी पत्रे धाडत, त्यांत भेटीचा वृत्तान्त असे. नबाब काय बोलले, आपण काय उत्तर केले, मग ते काय म्हणाले. वकील हा सरकारचा कान. त्याने आपल्या मतलबाचे तेवढेच ऐकले, तर पुण्यात बसलेला कारभारी फसणार. म्हणून ऐकलेले एकीकडे आणि आपला अंदाज दुसरीकडे, हा भेद चांगला वकील पाळत असे. पुढे ज्याला सारलेखन म्हणू लागले, त्याचा पहिला नियम हाच आहे.

आता युरोपकडे वळू. गंमत अशी की ज्या ब्रिटिशांच्या कागदपत्रांचा आपण धसका घेतला, त्यांच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत डिसेंबर १९१६ पर्यंत चिटणीसच नसे. पंतप्रधान राजाला एक पत्र लिहीत, तेवढीच नोंद. काय ठरले यावरून दोन मंत्र्यांत दुमत झाले, तर ते मिटवायला कागद नसे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि त्यांनी मॉरिस हँकी या अधिकाऱ्याला युद्ध-मंत्रिमंडळाचा चिटणीस नेमले. बैठक संपली की कोणी काय मांडले, काय ठरले आणि ते कोणी करायचे, हे कागदावर येऊ लागले.

या शिस्तीची खरी परीक्षा १९१९ मध्ये पॅरिसला झाली. शांतता परिषदेतल्या मोठ्या बैठकांतून बातम्या फुटत, म्हणून मार्चच्या अखेरीस विल्सन, क्लेमान्सो, लॉइड जॉर्ज आणि ऑर्लांडो हे चौघेच वेगळे बसू लागले. सुरुवातीला त्यांनी अधिकृत चिटणीसही दूर ठेवला. माणसे कमी तर बोलणे मोकळे, असा त्यांचा हिशेब. बोलणे मोकळे झालेही, पण ठरलेल्या गोष्टी खाली अंमलदारांपर्यंत नीट पोचेनात. अखेर एप्रिलमध्ये हँकी यांना आत बोलावणे भाग पडले.

चौघांच्या खोलीत आणखी एक माणूस होता. पॉल मांतू हे दुभाषी. पेशाने ते इतिहासकार, इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. भाषांतरासाठी घेतलेल्या टिपणांवरून त्यांनी बैठकांचा वृत्तान्त तयार केला. तो १९५५ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आला. त्यामुळे एकाच खोलीतल्या एकाच बोलण्याच्या दोन नोंदी आज आपल्यापुढे आहेत. मांतूंची नोंद संवादासारखी आहे: विल्सन म्हणतात, क्लेमान्सो उत्तर देतात, लॉइड जॉर्ज मध्येच तोडतात. हँकींची नोंद तृतीय पुरुषात, नीटनेटकी, विषयवार. मांतूंकडून माणसांचा स्वभाव कळतो, हँकींकडून राज्यांचा व्यवहार. दोन प्रामाणिक माणसे एकच सभा किती वेगळी टिपू शकतात, हे पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण नाही. मांतू पुढे राष्ट्रसंघाच्या राजकीय विभागाचे संचालक झाले.

१९२० मध्ये जिनीव्हात राष्ट्रसंघाचे काम सुरू झाले आणि सारलेखन हा स्वतंत्र व्यवसाय झाला. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत काम चाले. एकाने बोलायचे, मग दुभाष्याने तेच दुसऱ्या भाषेत सांगायचे, अशी रीत. सारलेखकाला यात एक सोय होती. एकच भाषण त्याच्या कानावरून दोनदा जाई. पहिल्यांदा हुकलेला आकडा दुसऱ्यांदा पकडता येई. संयुक्त राष्ट्रसंघ आल्यावर कानाला यंत्र लावून एकाच वेळी भाषांतर ऐकण्याची पद्धत रुळली आणि ही सोय गेली. आता बोलणारा थांबत नाही आणि लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवल्या. सुरक्षा परिषद आणि महासभेच्या मुख्य बैठकी यांचा शब्दशः वृत्तान्त, तर बहुतेक समित्या आणि आयोग यांची सारनोंद. कागदाच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून ते लगेच ओळखते. ‘पीव्ही’ अशी अक्षरे असतील तर शब्दशः, ‘एसआर’ असतील तर सार.

तुमच्यापैकी जे हैदराबादचे आहेत, त्यांच्या घरी सप्टेंबर १९४८ च्या आठवणी अजून निघत असतील. त्या महिन्याच्या १६ तारखेला हैदराबादचा प्रश्न पॅरिसमध्ये भरलेल्या सुरक्षा परिषदेपुढे आला आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. त्या बैठकीतला शब्द न् शब्द छापील मिळतो. गोव्याच्या वाचकांसाठी १८ डिसेंबर १९६१ ची बैठक आहे. भारतीय सैन्य गोव्यात शिरले होते आणि न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवर रात्रीपर्यंत वाद चालला. सैन्य मागे घ्या असे सांगणाऱ्या मसुद्याला ७ मते अनुकूल, ४ प्रतिकूल पडली आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. तीही नोंद शब्दशः आहे. बडोद्याच्या वाचकांचे नाते मात्र सारनोंदीशी आहे. तिकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण ते कळायला सारनोंद कशी लिहितात हे आधी कळले पाहिजे.

समजा, तुम्हांला हे काम शिकायचे आहे. माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. तीन तासांची बैठक म्हणजे वीस हजार शब्दांच्या आसपास. तुम्हांला ते काही पानांत बसवायचे आहे. एका बैठकीला एकच लेखक पुरत नाही. पाळीपाळीने लेखक आत बसतात, आपला भाग टिपून बाहेर येतात आणि लिहून काढतात. मग कोणीतरी सगळे तुकडे सांधून एका हाताचे करतो.

पहिला धडा गाळण्याचा. आभार, अभिनंदन, अध्यक्षांच्या कर्तबगारीचे गोडवे हे सगळे जाते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली असेल तर एकदाच राहते. युक्तिवाद, आकडा, अट आणि सुचवलेली दुरुस्ती मात्र गाळायची नसते. दुरुस्ती तर अक्षरशः उतरवायची, कारण पुढचे मतदान तिच्यावरच होणार असते.

एक उदाहरण घेऊ. प्रतिनिधी म्हणतो, ‘हा मसुदा आम्हांला मान्य नाही. खर्च कोण करणार हे यात कुठेच नाही. ते कलम सुधारा, आम्ही पाठिंबा देऊ.’ नवशिका लिहितो: प्रतिनिधीने मसुद्याला विरोध केला. वाक्य छोटे झाले, पण खोटे झाले. मुरलेला लेखक लिहितो: खर्चाची जबाबदारी स्पष्ट नसल्याने मसुदा सध्याच्या रूपात आपल्याला मान्य नाही, ते कलम सुधारल्यास पाठिंबा देऊ, असे त्यांनी सांगितले. अट टिकली, तर त्या देशाची भूमिका टिकली.

दुसरा धडा क्रियापदांचा. ‘त्यांनी निदर्शनास आणले’ असे लिहिले की त्यांचे म्हणणे खरे आहे, असे तुम्ही मान्य केलेत. ‘त्यांनी दावा केला’ लिहिले की तुम्ही शंका घेतलीत. लिहिणाऱ्याला यांपैकी कशाचाच अधिकार नाही. म्हणून ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ ही दोन साधी क्रियापदे या धंद्यात सोन्याच्या मोलाची. वाचायला ती कंटाळवाणी वाटतात, पण कंटाळ्याने कोणावर अन्याय होत नाही.

तिसरा धडा काळाचा, आणि इथे भाषेभाषेत फरक पडतो. इंग्रजी सारनोंदीत वक्त्याच्या नावापुढे एकदा ‘म्हणाले’ आले की पुढची सगळी वाक्ये भूतकाळात चालतात. तो भूतकाळ पाहूनच वाचकाला कळते की हे मत वक्त्याचे, लेखकाचे नव्हे. आजच्या फ्रेंच नोंदी वर्तमानकाळात लिहितात. आपल्या मराठीला काळ बदलण्याची ही सक्ती नाही. ‘माझा विरोध आहे, असे ते म्हणाले’ हे आपण सहज बोलतो. शिवाय आपल्याजवळ ‘आपण’ हे सर्वनाम आहे. ‘आपला विरोध असल्याचे त्यांनी सांगितले’ यात ‘आपला’ म्हणजे बोलणाऱ्याचा, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. मात्र एक धोका आहे. मराठीत ‘असे म्हणाले’ वाक्याच्या शेवटी येते. परिच्छेद लांबला आणि ते शब्द राहून गेले, तर वक्त्याचे मत सभेचे मत होऊन बसते. म्हणून मराठीत सारनोंद लिहिताना नाव आधी घ्यावे आणि दर दोन-तीन वाक्यांनी ‘ते म्हणाले’ची गाठ मारावी.

चौथा धडा नम्रतेचा. लिहिलेले आधी तात्पुरते म्हणून वाटले जाते. प्रतिनिधी ते वाचतो आणि आपल्या भाषणापुरती दुरुस्ती लेखी कळवतो. लेक सक्सेसच्या दिवसांत यासाठी २४ तासांची मुदत असे, आणि तसे कागदावरच छापलेले असे. दुरुस्ती आपल्याच बोलण्याची करायची, दुसऱ्याच्या नव्हे, आणि जे बोललो त्याची करायची, जे बोलायला हवे होते त्याची नव्हे. दुसरे दिवशी शहाणपण सुचलेला वक्ता आणि काल ऐकलेले लिहिणारा लेखक यांच्यात इथे झटापट होते. लेखकाजवळ आपल्या टिपणाशिवाय दुसरे बळ नसते.

आता बडोद्याकडे येऊ. हंसा मेहता हे नाव तुमच्या घरातल्या थोरांना माहीत असेल. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. १९४९ पासून १९५८ पर्यंत त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, तेव्हा बडोद्यातल्या अनेक मराठी मुलामुलींच्या पदवीच्या काळात विद्यापीठ त्यांच्या हाती होते. त्याआधी अखिल भारतीय महिला परिषदेच्या हैदराबादच्या अधिवेशनात, अध्यक्षा या नात्याने, त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडली होती. १९४७-४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. अध्यक्षस्थानी एलिनॉर रूझवेल्ट.

आयोग मानवी हक्कांचा जाहीरनामा घडवत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्याची सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होती. डिसेंबर १९४७ मध्ये जिनीव्हात भरलेल्या बैठकीत हंसाबाईंनी या शब्दांना हरकत घेतली. यातून स्त्रिया वगळल्या आहेत असा अर्थ काढला जाईल, असे त्यांचे म्हणणे. माणसांनी एकमेकांशी भावांप्रमाणे वागावे या शब्दांवरही त्यांचा आक्षेप होता. ‘मेन’ या शब्दात स्त्री-पुरुष दोघेही येतात असे रूढीने मानले जाते, असे त्यांना उत्तर मिळाले. त्या दिवशी शब्द बदलला नाही. पुढे स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या आयोगानेही हा मुद्दा लावून धरला आणि १९४८ मध्ये मसुद्यात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले. महासभेच्या तिसऱ्या समितीने ऐंशीहून अधिक बैठका घेऊन मसुदा कलमवार घासला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ८ देश तटस्थ राहिले. कलमाच्या शेवटी ‘भ्रातृभाव’ तेवढा राहिला. बाईंची निम्मी हरकत मान्य झाली, निम्मी राहून गेली.

हे आपल्याला कसे कळले? जाहीरनाम्यात कोणाचे नाव नाही. ठरावात हरकती नाहीत. हंसाबाईंचे ते बोलणे सापडते ते आयोगाच्या सारनोंदीत, मोजक्या ओळींत. कोणी लिहिल्या त्या ओळी? नोंदीवर लेखकाचे नाव नसते. त्या दिवशी जिनीव्हात पाळीवर असलेला कोणी सारलेखक. तो घाईत असेल, थकलेला असेल. भारताच्या बाईंचा आक्षेप मान्य तर झाला नाही, मग कशाला लिहा, असे त्याच्या मनात येऊ शकले असते. ‘शब्दरचनेवर चर्चा झाली’ एवढे लिहून त्याने वेळ वाचवला असता, तर कोणी त्याला जाबही विचारला नसता. पण त्याने नाव लिहिले, देश लिहिला, आक्षेप लिहिला, त्याचे कारणही लिहिले. पुढे २०१३ मध्ये विल्यम शाबास यांनी जाहीरनाम्याच्या घडणीचे कागद तीन जाड खंडांत एकत्र केले आणि बडोद्याच्या कुलगुरूंची ती हरकत जगभरच्या अभ्यासकांच्या हाती गेली.

मला वाटते, सारनोंदीचे सगळे मोल या एका प्रसंगात आहे. ज्या दिवशी एखादे मत हरते, त्या दिवशी त्याची नोंद ठेवण्यात कोणाचाच फायदा नसतो. ते मत बरोबर होते हे कळायला कधी सहा महिने लागतात, कधी साठ वर्षे. तोवर ते कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

आज ही विद्या मागे पडत आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक समित्यांच्या सारनोंदी बंद झाल्या आणि ध्वनिमुद्रणावर भागवले जाऊ लागले. ध्वनिमुद्रण असू द्यावे, पण तीन तासांचे मुद्रण ऐकायला तीन तास लागतात. चार पाने वाचायला दहा मिनिटे पुरतात. आपल्या मंडळांतही हेच होते आहे. कोणीतरी भ्रमणध्वनीवर सभा मुद्रित करतो, वर्षभराने तो यंत्र बदलतो आणि सभा त्याच्याबरोबर जाते.

म्हणून तुम्हांला माझी एक विनंती आहे. पुढच्या सभेला चिटणिसांच्या शेजारी एका तरुणाला किंवा तरुणीला बसवा. मराठी लिहिता येणारे कोणीही चालेल. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी हरकत नाही. वर उपस्थितांची नावे लिहायला सांगा, निवाडपत्रात लिहीत तशी. प्रत्येक विषयाखाली कोण बोलले आणि का, हे एकेका वाक्यात. विरोध करणाऱ्याचे कारण नक्की लिहायचे, अट असेल तर अटीसह. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ याखेरीज तिसरे क्रियापद वापरायचे नाही. लिहिलेले पुढच्या सभेत वाचून दाखवायचे, ज्याला आपले बोलणे दुरुस्त करायचे असेल त्याला करू द्यायचे, मगच अध्यक्षांची सही. चार सभा झाल्या की हात बसेल.

आपल्यातले भांडण वहीत कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना हे सांगा की गोतसभेतल्या भांडणांवरूनच आपण आपले पूर्वज ओळखतो. बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरीत किंवा बडोद्यात पन्नास वर्षांनी कोणी तुमची वही उघडील, तेव्हा आपले आजोबा किंवा आजी त्या सभेत नेमके काय म्हणाले, हे त्याला वाचता यावे. ते म्हणणे त्या दिवशी हरलेले असले, तरीही.